परीक्षेची चिंता आणि आतड्यांतील जिवाणू : त्र्यंबकेश्वरच्या विद्यार्थ्यांसाठी आहारविचार

त्र्यंबकेश्वर तालुक्यात दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ यात्रा आणि उपवासांच्या काळाला लागूनच येतो. २०२५ साली पौष वद्य एकादशीची संत निवृत्तिनाथांची यात्रा २५ जानेवारीला होती, बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, आणि महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, म्हणजे दोन्ही परीक्षा चालू असतानाच, आली. गर्दी, जागरण, उपवास आणि अभ्यासाचा ताण एकाच वेळी अंगावर येणाऱ्या या आठवड्यांत मुलांच्या पोटाच्या तक्रारी वाढतात : भूक मरते, मळमळते, पेपरला निघताना पोटात गोळा येतो, पुन्हा पुन्हा शौचास जावे लागते किंवा उलट दोन-तीन दिवस पोटच साफ होत नाही. अशा वेळी औषधांच्या दुकानातून ‘प्रोबायोटिक’ची पुडी किंवा बाटली आणून देण्याकडे पालकांचा कल असतो, आणि अलीकडे तर अशा पदार्थांनी परीक्षेची भीतीच जाते असेही सांगितले जाते. या समजुतीत तथ्य किती आहे आणि घरातल्या किंवा आश्रमशाळेतल्या स्वयंपाकातून काय साधता येते, हे परीक्षेच्या बरेच आधी समजून घेणे हिताचे आहे. कारण पोटाच्या बाबतीत जे काही साधायचे, ते शेवटच्या आठवड्यात साधत नाही.

मेंदू आणि आतडी यांच्यात दोन्ही दिशांनी सतत संदेशांची ये-जा चालू असते. मनावर ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून संप्रेरके सुटतात, त्यांच्या साखळीतून मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि त्याच संदेशांमुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो तर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या सकाळी खाल्लेले घशाशी येते आणि त्याच वेळी शौचाचीही घाई होते, त्याचे कारण हेच. उलट दिशेचे संदेश मुख्यतः व्हेगस या लांब मज्जातंतूतून जातात. मेंदूपासून निघून छाती आणि पोटातील अवयवांपर्यंत पोहोचणाऱ्या या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडची खबर मेंदूला देण्याचे काम करतात. याखेरीज प्रतिकारशक्तीच्या पेशींतून सुटणारी द्रव्ये आणि आतड्यांत तयार होणारी आम्ले यांच्यामार्फतही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, हे विधान खरे आहे. पण त्यावरून आतडी मनाला आनंदी करतात असा जो निष्कर्ष वारंवार काढला जातो तो चुकीचा आहे, कारण आतड्यांतले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही आणि त्याचे मुख्य काम आतड्यांच्या हालचालीचे नियमन करणे हे असते.

या संवादात जिवाणूंचा वाटा कोणता, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत पुढे आला. प्रौढ माणसाच्या शरीरातील जिवाणूंची संख्या २०१६ साली झालेल्या एका काटेकोर गणनेनुसार सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या जवळपास, भरते आणि त्यांपैकी बहुसंख्य जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. माणसाला न पचणारा धान्य-भाज्यांतील चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार करतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे प्रमुख इंधन ठरतात. २००४ साली जपानमधील क्युशू विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवले की, पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या, आतड्यांत एकही जिवाणू नसलेल्या उंदरांत ताणाला मिळणारा संप्रेरकांचा प्रतिसाद प्रमाणाबाहेर तीव्र असतो. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील गटाने आणखी पुढे जाऊन, लॅक्टोबॅसिलसचा एक विशिष्ट वाण दिलेले उंदीर कमी भित्रे होतात आणि व्हेगस मज्जातंतू कापला की हा परिणाम नाहीसा होतो, असे सिद्ध केले. परंतु कॉर्कच्याच संशोधकांनी २०१७ साली तोच वाण २९ निरोगी पुरुषांना आठ आठवड्यांच्या चाचणीत चार आठवडे दिला तेव्हा ताण, चिंता किंवा स्मरणशक्ती यांत कोणताही फरक आढळला नाही, आणि तो निष्कर्षही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे विद्यार्थ्यांना काही विकले जात असेल, तर हा दुसरा प्रयोग आठवणे आवश्यक आहे.

‘प्रोबायोटिक’ म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ पोहोचवणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. तिच्यात जिवंत असणे, पुरेसे प्रमाण आणि सिद्ध झालेला लाभ या तिन्ही अटी एकत्र आहेत. लाभ हा नेहमी एका ठरावीक वाणाचा आणि एका ठरावीक तक्रारीपुरता असतो, याचे उत्तम उदाहरण ओडिशात मिळते : तेथील ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लॅक्टोबॅसिलस प्लान्टारमचा निवडक वाण त्याच्या खाद्यासह आठवडाभर दिल्याने सेप्सिस, म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग, आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. हे यश मोठे आहे, पण ते नवजात बालकांतील जंतुसंसर्गाबाबतचे आहे. दुसऱ्या वाणाने, दुसऱ्या वयात, दुसऱ्या त्रासावर तसेच होईल असे त्यातून निघत नाही.

परीक्षेच्या ताणावर थेट झालेल्या चाचण्या मोजक्याच आहेत. त्यांतील सर्वाधिक उल्लेखिली जाणारी चाचणी जपानमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेला बसणाऱ्या ४७ विद्यार्थ्यांचे दोन गट करून एका गटाला लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा या वाणाने आंबवलेले दूध आणि दुसऱ्या गटाला तशाच चवीचे पण जिवाणू नसलेले दूध, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत सलग आठ आठवडे रोज देण्यात आले. परीक्षा जवळ आली तेव्हा दुसऱ्या गटाच्या लाळेतील कॉर्टिसॉल लक्षणीयरीत्या वाढले, पहिल्या गटात तशी वाढ दिसली नाही. पहिल्या गटाच्या पोटाच्या तक्रारी कमी राहिल्या, स्वतःला जाणवणाऱ्या ताणाची वाढही कमी झाली आणि आतड्यांतील जिवाणूंचे वैविध्य अधिक टिकून राहिले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत यात शंका नाही. तरीही चाचणीतील विद्यार्थी थोडे होते, ते सर्व निरोगी होते, संशोधनात त्या दुधाच्या उत्पादक कंपनीचे शास्त्रज्ञ सहभागी होते आणि सर्वांत स्पष्ट लाभ पोटाच्या तक्रारींत दिसला, हे लक्षात घेऊनच त्यांचा अर्थ लावला पाहिजे. याच्या उलट अनुभव पोलंडमध्ये आला. तेथे वैद्यकीय विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वी सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक यीस्ट, जे भारतातही जुलाबांवर सर्रास दिले जाते, दोन आठवडे देऊन पाहण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार परीक्षेतील कामगिरी सुधारली नाही, ताणही कमी झाला नाही, आणि नाडीचे ठोके मात्र मिनिटाला सुमारे दहाने वाढले.

या सर्वांतून निघणारा निर्णय असा की, योग्य आंबवलेला आहार दीर्घकाळ घेतल्यास ताणाच्या काळात पोट काहीसे शांत राहण्यास मदत होऊ शकते, आणि पोट शांत असलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासात व पेपरात बसणे सोपे जाते; परंतु भीती, न झालेला अभ्यास आणि अपुरी झोप यांवर कोणताही जिवाणू उपाय नाही. जपानमधील चाचणीतला आठ आठवड्यांचा अवधी विद्यार्थ्यांनी प्रमाण मानावा. परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर आहारातील बदल डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुरू झाला पाहिजे.

हा बदल घडवण्यासाठी सर्वांत सोपा पदार्थ म्हणजे घरचे दही. विरजणात दुधातील साखर आंबवणारे अनेक प्रकारचे जिवाणू असतात. ते प्रयोगशाळेत पारखलेले नसल्याने शास्त्रीय व्याख्येप्रमाणे दह्याला ‘प्रोबायोटिक’ म्हणता येत नाही, पण ते जिवंत असतात, स्वस्त असतात आणि दूध न पचणाऱ्या अनेक मुलांनाही दही पचते, कारण जिवाणूंनी दुधातील साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो आणि उरलेला पचवायला ते आतड्यात मदत करतात. डिसेंबर-जानेवारीत ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याशी थंडी चांगलीच असते आणि दही नीट लागत नाही, अशी तक्रार असते. त्यासाठी उकळलेले दूध बोटाला सहज सोसेल इतके, म्हणजे सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत, कोमट झाल्यावर ताजे विरजण लावावे, भांडे जाड कापडात किंवा घोंगडीत गुंडाळून अथवा पिठाच्या डब्यात ठेवून रात्रभर हलवू नये. दूध याहून बरेच गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि थंड असेल तर ते वाढत नाहीत. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे टाळावे. रोज दुपारच्या जेवणात एक वाटी दही किंवा दोन वाट्या ताक पुरेसे आहे, आणि दूधदुभते कमी असलेल्या घरात पातळ ताकही चालते. मात्र ताकात घालायचे पाणी उकळून गार केलेले किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकून शुद्ध केलेले असले पाहिजे. उन्हाळ्याकडे झुकताना वाड्या-पाड्यांवर पाण्याची टंचाई सुरू होते, विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि अशा गढूळ पाण्याने केलेले ताक पोटाला जितका लाभ देईल त्याहून जास्त अपाय करील.

आंबवलेला पदार्थ शिजवला की त्यातले जिवाणू मरतात, ही साधी गोष्ट बहुतेक लेखांत सांगितली जात नाही. इडली, ढोकळा, आंबोळी आणि उकळलेली कढी हे पदार्थ पचायला हलके असतात, आंबवल्यामुळे त्यांतील लोह व जस्त शरीराला अधिक मिळते, पण जिवंत जिवाणू त्यांत उरत नाहीत. या तालुक्यात पिकणाऱ्या नागलीच्या आंबिलीबाबतही हेच खरे आहे, आणि तेथे उपायही सोपा आहे : रात्री भिजवून आंबवलेले नागलीचे पीठ सकाळी शिजवावे, आंबील कोमट होऊ द्यावी आणि मग तिच्यात ताजे ताक, मीठ आणि ठेचलेली लसूण घालावी. असे केल्याने शिजवलेल्या धान्याचा चोथा आणि ताकातले जिवंत जिवाणू दोन्ही एकाच वाटीत मिळतात. नागलीच्या दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात; पॉलिश केलेला तांदूळ किंवा मैद्याची बिस्किटे या प्रमाणाच्या जवळपासही येत नाहीत. वसतिगृहात राहायला गेल्यावर मुलांच्या ताटातली नागली कमी होते आणि तिची जागा भात व बिस्किटे घेतात, हे पोटाच्या दृष्टीने मोठे नुकसान आहे. ज्या भागात नागली पिकते त्याच भागातील आश्रमशाळांच्या स्वयंपाकात आठवड्यातून काही दिवस तरी नागलीची भाकरी असावी, अशी मागणी पालकांनी अवश्य करावी.

आतड्यांत आधीच असलेल्या जिवाणूंना खाद्य पुरवणाऱ्या पदार्थांना ‘प्रीबायोटिक’ म्हणतात, आणि त्यांचे महत्त्व बाहेरून घेतलेल्या जिवाणूंपेक्षा कमी नाही, किंबहुना रोजच्या जीवनात अधिकच आहे. कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान हे जिवाणूंचे आवडते तंतू असतात, आणि नाशिक जिल्ह्यात त्यांची वाण नाही. कुळीथ, वाल, मोड आलेली मटकी, पेरू, केळी आणि पालेभाज्या हेही याच कामाचे. ज्यांना कांदा किंवा कडधान्याने वात धरतो त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे. कॉर्क येथेच २०२२ साली ४५ प्रौढांवर झालेल्या चार आठवड्यांच्या प्रयोगात धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि आंबवलेले पदार्थ असा आहार घेणाऱ्यांना जाणवणारा ताण कमी झाला, आणि ज्यांनी तो आहार अधिक काटेकोरपणे पाळला त्यांच्यात तो अधिक घटला.

महाशिवरात्रीचा उपवास परीक्षेत आला तर काय करावे, हा त्र्यंबकेश्वरात दरवर्षीचा प्रश्न आहे. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च असून त्यात चोथा नगण्य असतो, आणि शेंगदाण्यांसह तळकट खिचडी खाऊन लगेच पेपरला बसल्यास जडपणा व आम्लपित्त होण्याची शक्यता असते. उपवास करायचाच असेल तर भगर, राजगिरा, रताळे, ताक आणि फळे यांवर करावा, निर्जळ करू नये. आणि त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर वडीलधाऱ्यांनीच मुलांना उपवासातून मोकळे करावे.

बाजारातील तयार उत्पादन घ्यायचेच असेल, तर वेष्टनावर जिवाणूचे केवळ जातीचे नाव नव्हे तर वाणाचे नाव किंवा क्रमांक, दररोजच्या मात्रेतील जिवंत जिवाणूंची संख्या, मुदत आणि साठवणुकीचे तापमान ही माहिती असल्याची खात्री करावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे अपेक्षित आहे. थंड ठेवायचे उत्पादन वीज वारंवार जाणाऱ्या पाड्यावर टिकणार नाही. गोड केलेल्या आंबवलेल्या पेयांत साखर बरीच असते, हेही पाहावे. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या, कर्करोगावर उपचार चालू असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी उत्पादने देऊ नयेत. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्या, स्वतःच्या मनाने घेणे तर परीक्षेच्या काळात विशेष टाळावे, कारण त्या आतड्यांतल्या उपकारक जिवाणूंनाही मारतात आणि ती वस्ती पुन्हा भरून यायला अनेक आठवडे लागतात.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही सुरू करू नये : नवे टॉनिक नको, नवी पुडी नको, बाहेरचा वडापाव नको. सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता असतो, आणि पाड्यांवरून एसटीने किंवा जीपने केंद्रावर पोहोचायचे तर मुले अनेकदा केवळ चहा-बिस्किटांवर निघतात. त्याऐवजी साडेआठच्या सुमारास भाकरी किंवा पोळी, थोडी भाजी किंवा वरण आणि अर्धी वाटी ताजे दही असा, सवयीचा आणि भूक भागेल इतकाच, आहार घ्यावा. चहा एक कपापुरता ठेवावा, कारण चहातील कॅफिन नाडी वाढवते आणि आतड्यांची घाईही वाढवते. वसतिगृहांत सकाळी शौचालयांपुढे रांग असते आणि संकोचाने किंवा घाईत मुले, विशेषतः मुली, वेग दाबून ठेवतात, ज्यातून बद्धकोष्ठ आणि पोटदुखी सुरू होते. परीक्षार्थींना अर्धा तास आधी उठवून त्यांची वेळ वेगळी ठेवणे अधीक्षकांना सहज शक्य आहे.

पोटाचा प्रत्येक त्रास ताणामुळे होतो असे मानणे धोक्याचे आहे. जंत आणि रक्तक्षय हे या वयातले फार सामान्य विकार असून थकवा, पोटदुखी आणि अभ्यासात लक्ष न लागणे ही त्यांचीच लक्षणे असू शकतात; म्हणून जंतनाशक मोहिमेत शाळेत मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी आणि आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाळू नये. लोहाची गोळी जेवणानंतर, चहा किंवा दुधासोबत न घेता, पाण्याबरोबर घ्यावी. तिच्यामुळे शौच काळसर होते, त्याला घाबरण्याचे कारण नाही. मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप येणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली पोटदुखी यांपैकी काहीही असेल तर दही-ताकाचा विचार बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

चिंतेवरचा उपचार चिंतेवरच करावा लागतो. घड्याळ लावून सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिका, रात्रीची सात-आठ तासांची झोप आणि दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे मिनिटाला साधारण सहा श्वास अशा गतीने केलेले संथ श्वसन यांनी बहुतेक विद्यार्थ्यांची भीती आटोक्यात येते. घराण्यात पहिल्यांदाच दहावीला बसणाऱ्या मुलावर संपूर्ण घराच्या अपेक्षांचे ओझे असते, आणि ते हलके करण्याचे काम घरच्यांखेरीज कोणी करू शकत नाही. झोप उडणे, जेवण सोडणे, एकटे एकटे राहणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांतले काही दिसले तर एक दिवसही वाट पाहू नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. तालुक्यातील प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि अधीक्षकाने हा क्रमांक डिसेंबरमध्येच, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी, फलकावर लिहून ठेवावा.